तात्यापारा ते सिअ‍ॅटल, व्हाया बिलॉक्सी

साल 2002, संक्रांतीची संध्याकाळ. तुम्ही रायपूरच्या जयस्तंभ चौकात उभे आहात. छत्तीसगड वेगळं राज्य होऊन सव्वा वर्ष होत आलंय. काही दुकानांच्या पाट्यांवर 'म. प्र.'वर रंग फासून 'छ. ग.' लिहिलेलं अजून ओळखू येतं. जी. ई. रोडनं पश्चिमेला चालायला लागा. शारदा चौक मागे पडला की रस्ता आवळत जातो, सायकली, स्कूटर आणि टेम्पो एकमेकांना घासून पुढे सरकतात, आणि फूल चौकानंतर तात्यापारा येतो. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या शहरात मराठी वस्ती आहे, आणि आज त्या वस्तीतल्या बायका ठेवणीतल्या काळ्या साड्या नेसून हळदीकुंकवाला निघाल्या आहेत.

एका कौलारू घराच्या दारात चपला काढा. ओसरीवर भिंतीला टेकून एक जुना तंबोरा उभा आहे, त्याला गवसणी घातलेली आहे. आजी तुमच्या हातावर तिळगूळ ठेवते आणि म्हणते, "घे. वर आहे तो, टीव्हीपुढे बसलाय." जिना लाकडी आहे, पायऱ्या उंच आहेत, डोकं सांभाळा.

वर दादा आहे. तो सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. त्या कॉलेजचं एनआयटी व्हायला अजून जवळपास चार वर्षं आहेत. केबलवर एमटीव्ही लागलाय. एकामागून एक हिंदी गाणी चालली आहेत आणि तो त्यांच्यामधून एखादं इंग्रजी गाणं निसटून येण्याची वाट बघतोय. ते आलं की तो हात वर करतो. गप्प बसायची ही खूण.

गाण्याला प्रस्तावना नाही. एक गिटार आणि एक घोगरा आवाज एकदमच सुरू होतात. माणूस जवळजवळ बोलतोय, कुणाची तरी माफी मागावी की मागू नये अशा तिढ्यात सापडल्यासारखा. मग ड्रम येतात, आणि धृपदाशी पोचताच दोन्ही बाजूंनी गिटारची भिंत उभी राहते. तोच माणूस आता छाती फोडून गातोय. मग अचानक सगळं थांबतं. क्षणभर शांतता. तुमचा श्वास अडकतो आणि गाणं पुन्हा कोसळतं.

आजी वाती वळत वळत जिन्यापर्यंत आली आहे. खालूनच विचारते, "अरे, हा मुलगा रडतोय की ओरडतोय?"

दादा टीव्हीवरची नजर न हटवता म्हणतो, "आधी रडतो, मग ओरडतो."

पोस्ट-ग्रंज ऐकायला बसणाऱ्या नव्या माणसाला मी याहून चांगली व्याख्या देऊ शकत नाही. कडव्यात हळू, धृपदात मोठं. कडव्यात एकट्याची कुरकुर, धृपदात सगळ्यांना म्हणता येईल अशी हाक. गाणं होतं निकेलबॅकचं 'हाउ यू रिमाइंड मी'. ही मंडळी कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या हॅना गावची. गावाची वस्ती तीन हजारांहून कमी, आजूबाजूला शेतं आणि कुरणं. गाण्याचा अल्बम 'सिल्व्हर साइड अप' नेमका 11 सप्टेंबर 2001 ला बाजारात आला होता. त्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यांत हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिलं होतं, आणि 2002 च्या संपूर्ण वर्षाच्या यादीतही तेच पहिलं ठरलं. आदल्या वर्षी, 2001 मध्ये, तो मान लाइफहाउसच्या 'हँगिंग बाय अ मोमेंट'ला मिळाला होता. ते गाणं तर एकाही आठवड्यात पहिल्या क्रमांकावर पोचलं नव्हतं, दुसऱ्यावर चिकटून राहूनच त्यानं वर्ष मारलं. लागोपाठ दोन वर्षं जगातल्या सगळ्यात मोठ्या संगीतबाजारावर याच आवाजाचं राज्य होतं, आणि तात्यापाऱ्यातल्या त्या वरच्या खोलीत त्याची लाट येऊन पोचली होती.

हा आवाज आला कुठून, हे बघायला अकरा वर्षं मागे चला.

17 एप्रिल 1991, सिअ‍ॅटल. अमेरिकेच्या वायव्य टोकाचं बंदर. इथे बोइंगचे कारखाने आहेत, लाकडाचा धंदा आहे आणि पाऊस आहे. तुम्ही उड्डाणपुलाच्या कडेला असलेल्या ओके हॉटेल नावाच्या ठिकाणी शिरता. नाव हॉटेलचं असलं तरी आत कॉफी मिळते आणि बँड वाजतात. गर्दीत चौकड्यांचे जाड शर्ट, विटलेल्या जीन्स. थंडी असते आणि खिसा हलका असतो म्हणून हे कपडे. त्यांची फॅशन नंतर झाली. मंचावर तिघं जण आहेत. डावखुरा, सोनेरी केसांचा पोरगा गिटार छेडतो. हे गाणं लोकांसमोर पहिल्यांदाच वाजतंय, शब्दही अजून पुरते बसलेले नाहीत. पण धृपद येताच तुमच्या पायाखालची जमीन हलते, कारण सगळे एकदम उड्या मारू लागले आहेत. ते आहेत निर्वाणा, आणि गाणं आहे 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'.

सप्टेंबरमध्ये 'नेव्हरमाइंड' हा त्यांचा अल्बम निघाला. त्याच वर्षी जुलैत दिल्लीत मनमोहन सिंगांनी उदारीकरणाचा तो अर्थसंकल्प मांडला होता आणि वर्षभरात आपल्या गच्च्यांवर डिश अँटेना दिसू लागल्या होत्या. जानेवारी 1992 मध्ये 'नेव्हरमाइंड'नं मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला पहिल्या क्रमांकावरून खाली आणलं. निर्वाणा, पर्ल जॅम, साउंडगार्डन, अ‍ॅलिस इन चेन्स या सिअ‍ॅटलच्या चौकडीला जग 'ग्रंज' म्हणू लागलं. पंकची बेफिकिरी, हेवी मेटलचा जडपणा आणि स्वतःवरचा, घरावरचा, जगावरचा राग, हे सगळं त्यात होतं. हे संगीत लोकप्रिय व्हायला निघालं नव्हतं. ते लोकप्रिय झालं, आणि त्यातल्या सगळ्यात हळव्या माणसाला ते झेपलं नाही.

आता 10 एप्रिल 1994. सिअ‍ॅटल सेंटरच्या मैदानावर हजारो पोरं जमली आहेत. कुणी मेणबत्त्या लावल्यात, कुणी आपला चौकड्यांचा शर्ट पेटवून दिलाय. निर्वाणाच्या त्या डावखुऱ्या पोरानं, कर्ट कोबेननं, 5 तारखेला स्वतःला संपवलं. तो 27 वर्षांचा होता. तुम्ही गर्दीत उभे राहा, काही बोलू नका. इथे बोलण्यासारखं काही नाही.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मात्र सिअ‍ॅटलजवळच्या शोरलाइनला या. रॉबर्ट लँग स्टुडिओ. काचेच्या अलीकडे बसा आणि आतल्या माणसाकडे बघत राहा. डेव्ह ग्रोल, निर्वाणाचा ड्रमर, वय 25. कोबेन गेल्यावर त्याला रेडिओ लावणंही नको झालं होतं. आता तो ड्रमवर बसतो. डोक्यात पूर्ण गाणं ऐकू येतंय असं समजून एकटाच गाण्याभर ड्रम वाजवतो. उठतो, घाम पुसतो, गिटार गळ्यात अडकवतो आणि त्याच ड्रमवर गिटार चढवतो. मग बास. मग पुन्हा गिटार. शेवटी माइकसमोर उभा राहून गातो, आणि स्वतःच्या आवाजाचा भरवसा नसल्यानं तोच गळा दोनदोनदा ध्वनिमुद्रित करतो. आठवड्याभरात काम संपतं. एका गाण्यातला गिटारचा एक तुकडा सोडला तर सगळं त्याचं एकट्याचं. तो याच्या शंभरेक कॅसेट काढून ओळखीच्यांना वाटतो, आणि लोकांना एकच माणूस आहे हे कळू नये म्हणून वर बँडचं नाव घालतो: फू फायटर्स.

पोस्ट-ग्रंजचा जन्म सांगायचा तर मी याच खोलीतून सांगेन. इतिहासकार दुसऱ्या जागाही दाखवतील. कोबेन गेल्यावर कंपन्यांना आणि रेडिओला त्याच चवीचं, पण जरा कमी कडू असं काहीतरी हवं होतं, आणि ते पुरवायला बँड रांगेत उभे होते, हेही खरंच आहे. लंडनचा बुश 'सिक्स्टीन स्टोन' घेऊन आला. पेनसिल्व्हेनियाच्या लाइव्हचा 'थ्रोइंग कॉपर' निघाल्यानंतर वर्षभरानं पहिल्या क्रमांकावर चढला. ऑस्ट्रेलियातून सिल्व्हरचेअर नावाची तीन शाळकरी मुलं उगवली. पण बाजार कसाही असला तरी शोरलाइनच्या त्या खोलीत एक माणूस मित्र गेल्यानंतर पुन्हा उभं राहायचा प्रयत्न करत होता, आणि या संगीताचं जे सर्वांत चांगलं आहे ते तिथून आलंय. ग्रंज सांगतं की जगणं असह्य आहे. पोस्ट-ग्रंज विचारतं की असह्य असलं तरी उद्या सकाळी उठायचंय, त्याचं काय?

ग्रोलचा जन्म 14 जानेवारीचा. तात्यापाऱ्यात आजी तुमच्या हातावर तिळगूळ ठेवत होती त्या दिवशी तो 33 वर्षांचा झाला.

परत त्या ओसरीवर या, पण आता साल 2004 आहे. दादानं शिकवण्यांच्या पैशातून गिवसनची गिटार घेतली आहे. तिच्या तारा बोटं कापतात आणि ती दर अर्ध्या तासाला उतरते. तो सगळ्यात जाड तार मुद्दाम ढिली करतोय. एरवी ती 'ई'ला लावतात, तो 'डी'पर्यंत खाली आणतो. याला ड्रॉप डी म्हणतात. मग एकच बोट तीन जाड तारांवर आडवं ठेवून तो झटका देतो.

तंबोऱ्याची गवसणी काढून तारा पुसत बसलेली आजी मान वर करते. "पुन्हा वाजव बरं."

तो वाजवतो.

"हे तर सा-प-सा आहे."

बरोबर आहे तिचं. खालचा षड्ज, पंचम, वरचा षड्ज. गिटारवाले याला पॉवर कॉर्ड म्हणतात. त्यात गंधार नाही, ना शुद्ध ना कोमल, आणि म्हणून ही स्वरजोडी स्वतःहून आनंदी नसते की दुःखी नसते. तो निकाल गाणाऱ्याच्या गळ्यावर सोडलेला असतो. गंधार गाळण्याचं कारणही साधं आहे. गिटारचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून फाडून, करकरीत करून काढला की तारांच्या मिसळणीतून आणखी स्वर तयार होतात. सा आणि प एकमेकांशी इतके जुळलेले असतात की त्यांच्या मिसळीतून निघालेले स्वरही सुरात बसतात. गंधार घातला की चिखल होतो. त्यामुळे ज्याचा कान तंबोऱ्यावर तयार झालाय त्याला हे संगीत परकं वाटायचं कारण नाही. आपण षड्ज-पंचमाची जमीन गाणाऱ्याच्या मागे धरतो. इथे तीच जमीन पेटवून पुढे आणली आहे. फू फायटर्सचं 1997 चं 'एव्हरलॉन्ग' असंच तार उतरवून वाजवतात. ते ऐकताना डाव्या कानात आणि उजव्या कानात वेगळी गिटार आहे का, तेवढं बघा. या संगीतात तोच तुकडा दोनदा वाजवून दोन बाजूंना ठेवण्याची रीत आहे, आणि मघाची 'भिंत' त्यातूनच उभी राहते. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरवर ती भिंत उभी राहत नाही.

आजी तंबोरा लावते. दादा त्याच्या षड्जाशी गिटार जुळवतो. दोन्ही एकत्र वाजतात, ओसरी भरून जाते, आणि समोरच्या घरातली मुलं कठड्यावर येऊन उभी राहतात.

आता बिलॉक्सी. मेक्सिकोच्या आखाताला लागून असलेला मिसिसिपी राज्याचा किनारा. दमट हवा, कोळंबीच्या होड्या, कॅसिनो. जवळच एस्काटॉपा नावाचं छोटं गाव आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यात तिथल्या शाळेच्या गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसा. तुमच्या शेजारी ब्रॅड अरनॉल्ड नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा आहे. त्याचं फळ्याकडे लक्ष नाही. बाकावर बोटांनी ताल धरून तो वहीत ओळी लिहितोय. त्यात एक प्रश्न आहे, माझी ताकद गेली तरी तू माझ्याजवळ राहशील का, अशा अर्थाचा. हे पुढे 'क्रिप्टोनाइट' होणार आहे. बिलॉक्सीचं एक स्थानिक रेडिओ केंद्र ते वाजवेल, श्रोते पुन्हा पुन्हा मागतील, मग मोठी कंपनी येईल. 2000 साली त्याच्या थ्री डोअर्स डाउन या बँडचा 'द बेटर लाइफ' निघाला तेव्हा अल्बमवर गायलाही अरनॉल्डच होता आणि ड्रमही त्यानंच वाजवले. अमेरिकेत त्याच्या साठ लाखांहून जास्त प्रती गेल्या. सिअ‍ॅटल तिथून देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे. एस्काटॉपा, हॅना, ही गावं नकाशावर शोधावी लागतात. पोस्ट-ग्रंज अशाच गावांतून आलं. मोठ्या शहरांतल्या समीक्षकांना ते न आवडण्यामागे हेही एक कारण आहे असं मला वाटतं.

बिलॉक्सीतच 1999 च्या फॅमिली व्हॅल्यूज दौऱ्यात आणखी एक गोष्ट घडली. स्टेंड या बँडचा एरन लुईस अ‍ॅकुस्टिक गिटार घेऊन स्टुलावर बसला आणि 'आउटसाइड' गायला. गाणं अजून पूर्ण लिहून झालेलं नव्हतं, काही ओळी त्यानं तिथेच मंचावर रचल्या. अंधारात लायटर पेटत गेले. ते ध्वनिमुद्रण जसंच्या तसं रेडिओवर गेलं आणि गाजलं. ते मिळवून ऐका. नंतर स्टुडिओत घोटून केलेलं ऐकू नका, हेच ऐका.

रेडिओचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट समजून घ्यायला हवी. 1996 पर्यंत अमेरिकेत एका मालकाला देशभरात चाळीसपेक्षा जास्त रेडिओ केंद्रं ठेवता येत नसत. त्या वर्षीच्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्यानं ही मर्यादा काढली. काही वर्षांत क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे बाराशेच्या आसपास केंद्रं जमा झाली. कुठलं गाणं वाजवायचं हे मोजक्या टेबलांवर ठरू लागलं. एकसारखी, साडेतीन-चार मिनिटांची, धृपद चटकन पकडता येणारी गाणी हवी होती, आणि पोस्ट-ग्रंज त्या मापात नेमकं बसलं. क्रीड या बँडचा 'ह्यूमन क्ले' हा अल्बम एक कोटीहून अधिक खपला. एकसारखेपणाचा जो आरोप या संगीतावर होतो तो बऱ्याच अंशी खरा आहे. जाड, घशाच्या तळातून काढलेला तो आवाज डझनभर बँडांनी उचलला, इतका की डोळे मिटून कोण गातंय ते सांगता येत नाही. 2005 नंतरचं यातलं बरंचसं तुम्ही सोडून दिलंत तरी तुमचं काही बिघडणार नाही.

पण ही गाणी कशाबद्दल आहेत ते बघा. एव्हरक्लिअरचं 'फादर ऑफ माइन' हे घर सोडून गेलेल्या बापाबद्दल आहे. 'विथ आर्म्स वाइड ओपन' हे क्रीडच्या स्कॉट स्टॅपनं आपण बाप होणार हे कळल्यावर लिहिलं. पडल ऑफ मडचं 'ब्लरी' हे मुलापासून दुरावलेल्या बापाचं. स्टेंडचं 'इट्स बीन अवाइल' म्हणजे आपल्या व्यसनानं ज्यांना छळलं त्यांच्यापुढे उभं राहून केलेली कबुली. रॉकमध्ये बंडखोरी पुष्कळ होती, शृंगार पुष्कळ होता. बाप आणि मुलगा यांच्यातलं न बोललेलं, घराच्या चार भिंतींत कुजणारं दुःख एवढ्या मोठ्या आवाजात, एवढ्या लोकांनी, इतक्या साध्या शब्दांत क्वचितच गायलं होतं. म्हणून ही गाणी हॅनाहून रायपूरला पोचू शकली. जिथे बाप आणि मुलगा जेवणाच्या ताटावर फक्त परीक्षेबद्दल बोलतात अशा प्रत्येक घरात ती पोचली.

2005, पुन्हा रायपूर. पंडरीहून जयस्तंभकडे येणाऱ्या ऑटोत बसा. मागच्या बाजूला मोठे स्पीकर लावलेत आणि आतिफ अस्लमचं 'वो लम्हे' वाजतंय. 'जहर' सिनेमातलं. कडव्यात गळा दाबून धरलेला, धृपदात सोडून दिलेला. आठवलं काही? दोन वर्षांपूर्वी लाहोरमध्ये आतिफ आणि गोहर मुमताज या दोघांच्या जल बँडनं 'आदत' नावाचं गाणं केलं आणि ते इंटरनेटवरून सगळीकडे पसरलं. मंद गिटार, एकट्याचं पुटपुटणं, मग खच्चून मारलेली हाक. डिसेंबर 2005 मध्ये ते 'कलयुग'मध्ये आलं. दोन वर्षांनी 'लाइफ इन अ मेट्रो'मध्ये प्रीतमचा बँड पडद्यावरच पावसात गिटार घेऊन गायला. 29 ऑगस्ट 2008 ला 'रॉक ऑन' लागला. तुम्ही कधी इंग्रजी रॉक ऐकलं नाही असं म्हणत असाल, पण यातली गाणी तुम्हाला पाठ असतील, तर पोस्ट-ग्रंजचा घाट तुमच्या कानात कधीच बसलाय. फक्त त्याची मूळ घरं बघायची राहिली आहेत.

एनआयटीच्या वसतिगृहातली एक दुपार बघून घ्या. कूलरची घरघर, कॉम्प्युटरचं उघडं कॅबिनेट, आणि हातोहात फिरणारी एमपी3 ची सीडी. 700 एमबीत दीडशेएक गाणी मावतात. त्याआधी डायल-अपवर एक गाणं उतरवायला पाव तास लागायचा, तोही मध्ये कुणी फोन उचलला नाही तर. सीडीवर मार्करनं 'इंग्लिश रॉक' लिहिलंय आणि आतली निम्मी नावं चुकीची आहेत. निकेलबॅकचं गाणं क्रीडच्या नावावर, फ्यूएलचं भलत्याच्याच. एक पिढी या गाण्यांवर जीव टाकायला शिकली ती अशी, गाणाऱ्याचं नाव, चेहरा, समीक्षकांचं मत, काहीच माहीत नसताना. ऐकण्याची याहून शुद्ध रीत मला माहीत नाही. अमेरिकेत निकेलबॅकला हसण्याची टूम निघाली तेव्हा इथे ती पोचलीच नाही, ते बरं झालं.

2007. दादा नोकरीसाठी निघालाय. रायपूर स्टेशनवर आझाद हिंद एक्स्प्रेस उभी आहे, हावड्याहून आलेली, पुण्याला जाणारी. त्याच्या समोरच्या बाकावर तुमची जागा आहे. त्याचे वडील खिडकीच्या गजांना धरून उभे आहेत. डबा दिला, पाण्याची बाटली दिली, आता काय द्यावं हे त्यांना सुचत नाही. "पोचलास की फोन कर," एवढंच म्हणतात. गाडी हलते. दुर्ग, राजनांदगाव जातं, डोंगरगडला बमलाई देवीची टेकडी दिसते तेव्हा तो कानात इअरफोन घालतो आणि एक तुमच्याकडे देतो. 'ब्लरी' लागलेलं आहे. तो खिडकीबाहेर बघतोय आणि सालेकसा येईपर्यंत बोलत नाही.

पुण्यात त्या वर्षी अग्नी या बँडचा पहिला अल्बम आला. कौस्तुभ ढवळे गिटारवर, मोहन कन्नन गळ्यावर. ते स्वतःला पोस्ट-ग्रंज म्हणत नाहीत आणि मीही म्हणणार नाही, त्यांच्या चालींत रागांचा अंश पुष्कळ आहे. पण 'साधो रे' ऐका. शब्द कबीराचे आहेत. दादा ज्या शहरातून आला तिथून बिलासपूरच्या वाटेवर दामाखेडा आहे, छत्तीसगडच्या कबीरपंथीयांची मोठी गादी. कबीर त्यानं लहानपणापासून भजनांत ऐकलेला. इथे तो गिटारच्या अंगानं येतो, आणि हळूहळू मोठा होत जातो.

आता आजच्या सालात या. बूट काढा, दार लावा, हेडफोन लावा. सुरुवात 'क्रिप्टोनाइट'नं करा, कारण ते पहिल्या फेरीतच कळतं. मग 'हाउ यू रिमाइंड मी' लावा आणि ते जिथे थांबतं तिथे तुम्हीही थांबा. त्यानंतर बिलॉक्सीचं 'आउटसाइड', मग फ्यूएलचं 'हेमरेज', आणि मन तयार झालं की 'एव्हरलॉन्ग', तेही आधी बँडसकट आणि नंतर ग्रोलनं एकट्यानं अ‍ॅकुस्टिक गिटारवर गायलेलं. शब्द पहिल्यांदा कळले नाहीत तर अडू नका, दुसऱ्यांदा ऐकताना ते समोर घेऊन बसा. ही गाणी आवडली तर मागे जाऊन 'नेव्हरमाइंड' आणि पर्ल जॅमचा 'टेन' ऐका. आधी ते ऐकलं पाहिजे असा कुणी आग्रह धरला तर मानू नका. आणि घरात कुणी तंबोरा लावणारं असेल तर त्यांना जवळ बसवा, एक इअरफोन त्यांना द्या आणि त्यांना काय ऐकू येतं ते विचारा.